मॉडेमवरची चिठ्ठी

माझ्या घरमालकांच्या, म्हणजे काकांच्या, हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी केबल कंपनीचा एक मॉडेम होता. त्यावर काकांनी त्यांच्या रेखीव अक्षरात लिहिलेली एक पट्टी चिकटवली होती : ‘ही वस्तू भाड्याची आहे. स्वतःची असल्यासारखी वापरू नये.’

पहिल्यांदा वाचली तेव्हा मी फिसकन हसले. सगळं जग सांगतं, अगदी स्वतःचं असल्यासारखं वापरा. काकांचं म्हणणं, स्वतःच्या वस्तूची माणूस हेळसांड करतो, दुसऱ्याची जपावी लागते. रोज सकाळी दाढी झाली की ते मऊ फडक्याने मॉडेम पुसायचे. त्यावर कोणी वर्तमानपत्र टेकवलं तर न बोलता उचलून बाजूला ठेवायचे आणि ठेवणाऱ्याकडे असं बघायचे की तो माणूस त्या टेबलाजवळ पुन्हा जायचा नाही.

मी मूळची नांदेडची. हिंजवडीतल्या एका कंपनीत होते, पण तिथल्या हॉस्टेलात सहा महिने काढल्यावर मला माणसांच्या वस्तीत राहावंसं वाटलं, म्हणून सदाशिव पेठेत खोली बघत होते. काकांनी मला समोर बसवून मुलाखत घेतली.

“आपण काय करता?”

“सॉफ्टवेअर टेस्टिंग. म्हणजे तयार झालेलं सॉफ्टवेअर तपासते.”

“म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका काढता.”

“हो.”

“आणि त्याचा पगार देतात?”

“देतात.”

“मग आपण एकाच धंद्यातले,” काका म्हणाले, आणि खोली मला मिळाली. त्या दिवसापासून मी त्यांची ‘तपासनीसबाई’ झाले. आमच्यात चाळीस वर्षांचं अंतर, पण शेवटपर्यंत त्यांनी मला अहो-जाहोच केलं.

काका खडकीला संरक्षण खात्याच्या नोकरीत तपासनीस होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, तरी काय तपासायचे ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

“पेट्या,” एवढंच म्हणायचे.

“पेट्यांमध्ये काय असायचं?”

“ते सांगायचं नसतं.”

त्यांच्या बोलण्यात ‘नसतं’ फार. हे करायचं नसतं, ते विचारायचं नसतं. पेट्यांबद्दल एकच गोष्ट त्यांनी मला मोकळेपणाने सांगितली, ती म्हणजे सील. पेटीवरचं सील हुकमाशिवाय उघडायचं नाही. उघडलं तर त्याच जागी लगेच चिठ्ठी डकवायची. वेळ काय, अधिकार कोणाचा, कारण काय, आणि खाली नाव आणि सही. एक साक्षीदारही लागतो. “उघडणारा लपत नाही, तपासनीसबाई,” ते म्हणायचे. “लपतो तो चोर.” छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हुकमाशिवाय एकही सील उघडलं नव्हतं, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा शाळेत पहिल्या आलेल्या मुलासारखा व्हायचा.

काकू त्यांच्या बरोबर उलट. त्या पेठेतल्याच एका शाळेत मराठी शिकवायच्या. आवाज असा खणखणीत की स्वयंपाकघरातून हाक मारली तर खालच्या मजल्यावरचे लोक ‘आलो’ म्हणायचे. काकांची खोड काढणं हा त्यांचा आवडता उद्योग. एकदा मला म्हणाल्या, “लग्नात आमच्यामध्ये अंतरपाट धरला होता ना, तेव्हाही यांनी भटजींना विचारलं असेल, हा कोणाचा आहे आणि परत कधी द्यायचा.” काका पेपरातून मान न काढता म्हणाले, “मामांचा होता. दिला दुसऱ्या दिवशी.”

त्या मॉडेमबद्दल मात्र आम्हा दोघींचं एकमत होतं. नाव मोठं, लक्षण खोटं, अशातला तो प्रकार. इमारत जुन्या बांधणीची, भिंती दीड-दीड फुटांच्या. मॉडेमचा सगळा जोर हॉलमध्येच संपायचा. मी रिपीटर विकत आणला, म्हणजे सिग्नल पुढे ढकलणारं एक छोटं यंत्र, पण त्यासाठी मॉडेमची सेटिंग बदलायला हवी आणि तिचा पासवर्ड कंपनीकडे. दुसऱ्या कंपनीची लाइन घ्यावी, तर इमारतीत ती आणायला सोसायटीची सभा हवी, आणि आमच्या सोसायटीच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्तच तेवढं मंजूर होतं किंवा होत नाही.

काकांनी यावर त्यांच्या पद्धतीने उपाय केला. एका रविवारी माझा फोन हातात धरून ते घरभर पावलापावलाने फिरले आणि फरशीवर खडूने तीन रेघा मारल्या. पहिल्या रेघेवर लिहिलं ‘बोलणे’. तिच्या अलीकडे उभं राहिलं की व्हिडिओवर नीट बोलता यायचं. दुसरीवर ‘वाचणे’, म्हणजे मेल आणि निरोप. स्वयंपाकघराच्या पुढे तिसरी रेघ होती, तिच्यावर ‘आशा सोडणे’.

माझी खोली ‘वाचणे’मध्ये होती, त्यामुळे ऑफिसच्या मीटिंगांना मी लॅपटॉप घेऊन पहिल्या रेघेवर येऊन बसायचे. काकू आतून ओरडायच्या, “अहो, त्या पोरीला निदान खुर्ची तरी द्या! कोर्टात उभी केल्यासारखी काय बसवलीय!” माझ्या साहेबांनाही तो आवाज ओळखीचा झाला होता.

मी राहायला आल्याला वर्ष होत आलं असताना काकूंना अर्धांगाचा झटका आला.

दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा उजवा हात उचलत नव्हता आणि बोलणं गेलं होतं. समजत सगळं होतं. डोळे तेच होते, चेष्टेखोर, पण तोंडातून नुसता ‘अं’ निघायचा, आणि तो निघाला की त्यांनाच त्याची लाज वाटून त्या ओठ मिटून घ्यायच्या. डॉक्टरांनी काकांना बजावलं, “बोलणं परत यायचं असेल तर पहिले सहा महिने महत्त्वाचे. ते हातचे घालवू नका.” इमारतीला लिफ्ट नाही, दुसऱ्या मजल्यावरून काकूंना खाली उतरवणं शक्य नव्हतं. म्हणून एक स्पीच थेरपिस्ट बाई रोज सकाळी अकरा वाजता व्हिडिओवरून व्यायाम घेणार असं ठरलं.

काकूंचा पलंग अगदी आतल्या खोलीत होता, ‘आशा सोडणे’च्या पलीकडे. मोबाईलची रेंजही तिथे नव्हती.

त्या दिवशी काका ओलं फडकं घेऊन गुडघ्यांवर बसले आणि ती तिसरी रेघ त्यांनी पुसून काढली. खडू केव्हाच गेला होता, तरी बराच वेळ पुसत होते. मी पाणी प्यायला आले होते, तशीच परत फिरले.

पहिले काही दिवस आम्ही आतल्या खोलीतच प्रयत्न केला. त्या बाई ओठ कसे मिटायचे ते दाखवायच्या आणि काकूंनी तसं करायचं. पण मध्येच चित्र गोठायचं. बाईंचे ओठ ‘प’वर मिटलेले राहायचे आणि काकूही तशाच ओठ मिटून, पडद्याकडे बघत, चित्र हलायची वाट बघत थांबायच्या. मला ते बघवायचं नाही.

उपाय माझ्या नजरेसमोर होता. मॉडेमच्या मागे वायर जोडायची एक जागा होती, पण तिच्यावर टोपण लावून कंपनीने कागदी सील चिकटवलं होतं. ते काढायचं, लांब वायर टाकून आतल्या खोलीत माझा स्वतःचा राउटर ठेवायचा, की झालं.

“पाच मिनिटांचं काम आहे काका,” मी म्हणाले.

“सील आहे त्याच्यावर.”

“कागदाचा तुकडा आहे तो!”

“सील कागदाचंच असतं,” काका शांतपणे म्हणाले. “आपण कंपनीला विचारू. नाही कशाला म्हणतील?”

मग रोज दहा वाजता फोन. काका पाठ केल्यासारखं सगळं सांगायचे, भिंतींच्या जाडीपासून. पलीकडून उत्तर यायचं, सर, मॉडेम बंद करून पुन्हा चालू करा. काका करायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एका मुलीने सांगितलं की वायरच्या जोडणीसाठी वेगळी योजना लागते आणि ती आपल्या भागात नाही. “मग कोणत्या भागात आहे?” काकांनी विचारलं. तिला ते माहीत नव्हतं. काकांनी अर्ज लिहून पाठवला, मग स्मरणपत्र, मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी कंपनीचा एक तंत्रज्ञ आला. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक, घाई. मॉडेमचे दिवे बघितले आणि म्हणाला, “काका, मॉडेम ओके हाय. भिंत जाड हाय तुमची. भिंतीला कंपनी काय करणार?”

“मॉडेम आतल्या खोलीत हलवता येईल?”

“शिफ्टिंग बंद हाय सध्या.”

“मागची जागा वापरू का? सील उघडून?”

“ते मला नाय सांगता येणार. ऑफिसला विचारा,” असं म्हणून तो जिना उतरलादेखील.

खरं सांगते, त्या दिवशी मला काकांचा राग आला. विचारायचं कशाला? जगात कोण विचारतं? आत ती बाई मुकी होत चालली आहे आणि हे अर्ज लिहिताहेत. मी तसं बोलूनही दाखवलं, जरा जास्तच. काकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “तपासनीसबाई, मॉडेम हलत नाही ना? ठीक आहे. घर हलवू.”

आणि त्यांनी खरोखर घर हलवलं. दोन हमाल बोलावून काकूंचा पलंग हॉलमध्ये आणला, मॉडेमपासून चार हातांवर. हॉलचा सोफा, टीव्ही, काचेचं कपाट सगळं आतल्या खोलीत. येणाऱ्याजाणाऱ्याला आता मागच्या जिन्याने, स्वयंपाकघरातून, ओट्याला वळसा घालून बैठकीच्या खोलीत जावं लागायचं. पोस्टमन एकदा थेट फोडणीतच येऊन उभा राहिला. काका प्रत्येकाला गंभीरपणे सांगायचे, “तात्पुरती व्यवस्था आहे.” काकू पलंगावरून हे सगळं बघत होत्या आणि त्यांच्या ओठांचा डावा कोपरा हसत होता.

दोन आठवडे छान गेले. चित्र गोठत नव्हतं. काकूंना ‘प’ आला, मग ‘पा’, मग एक दिवस ‘पाणी’ असा स्पष्ट नव्हे पण ओळखू येणारा शब्द आला. काकांनी तो ऐकला आणि स्वतःच जाऊन ग्लासभर पाणी पिऊन आले.

पण हॉलचं दार जिन्यावर उघडतं, आणि उन्हाळ्यात ते उघडंच असायचं. तिसऱ्या मजल्यावर काकूंचा एक जुना विद्यार्थी राहतो. आता त्याचेच केस पिकलेत. मनाने फार चांगला माणूस. एका सकाळी तो जिना उतरताना थांबला, काकू मोठ्या कष्टाने ‘मा-मी-मू’ म्हणत होत्या ते त्याने ऐकलं, आणि प्रेमाने दारातून म्हणाला, “शाब्बास, बाई! शाब्बास!”

त्याला बिचाऱ्याला काय कल्पना. पण ज्या बाईंनी त्याच्या पाटीवर बाराखडी गिरवून घेतली, त्याला शाब्बास म्हणाल्या, त्यांना तो ते परत देत होता. काकूंनी डाव्या हाताने फोन पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांनी डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. दार लावून बघितलं, पडदा लावून बघितला. त्यांनी आतल्या खोलीकडे मान हलवून एकच सांगितलं, आत. मला आत न्या.

पलंग पुन्हा आत गेला. आठवडाभर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. काकांनी फोन करणंही थांबवलं. घरात इतकी शांतता झाली की मी माझ्या मीटिंगमध्ये कुजबुजत बोलायला लागले.

मग एका दुपारी तीन वाजता माझ्या दारावर टकटक झाली. काका उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, ओले केस नीट विंचरलेले. मला वाटलं कोणाकडे लग्नाला निघालेत.

“तपासनीसबाई, पाच मिनिटं येता का? साक्षीदार लागतो.”

हॉलमध्ये टेबलावर धुतलेला टॉवेल अंथरला होता. त्यावर मॉडेम पालथा, शेजारी ब्लेड, डिंकाची बाटली आणि कागदाची कापलेली चिठ्ठी. काकांनी चष्मा लावला, घड्याळात बघितलं. ब्लेड उचलून सीलपाशी नेलं आणि पुन्हा टॉवेलवर ठेवलं, तेव्हा मी म्हणाले, “मी करू का?”

“नाही. मग चिठ्ठीवर तुमचं नाव घालावं लागेल.”

त्यांनी सील कापलं. आवाजसुद्धा झाला नाही. मग चिठ्ठी लिहिली, डिंक लावून त्याच जागी डकवली, आणि मला वाचून दाखवली :

‘सील उघडले. वेळ : दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. अधिकार : नाही. कारण : पत्नीला बोलता येत नाही.’

खाली पूर्ण नाव, निवृत्त तपासनीस, सही. मी साक्षीदार म्हणून सही केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काकांनी ते बघितलं आणि म्हणाले, “सही पुसट करू नका.”

बुधवार पेठेतून आणलेली लांब वायर मी भिंतीच्या कडेने आत नेली, माझा राउटर काकूंच्या उशाशी ठेवला. हिरवा दिवा लागला. काकूंनी तो दिवा बघितला, मग वायर बघितली, दारापर्यंत, दाराबाहेर, आणि मग काकांकडे बघितलं. किती तरी वेळ बघत होत्या. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांनी डाव्या हाताने काकांना खूण केली, बाहेर जा, दार लावा.

तेव्हापासून रोज सकाळी काका त्या बंद दाराबाहेर स्टुलावर बसायचे. दाराकडे पाठ करून. मी एकदा विचारलं, “काय म्हणतात काकू? येतंय का बोलायला?”

“ऐकायचं नसतं,” काका म्हणाले.

सील उघडलं त्याच संध्याकाळी त्यांनी कंपनीला रजिस्टर्ड पत्र पाठवलं होतं. अमुक दिवशी आम्ही आपले सील विनापरवानगी उघडले असून याबाबत जी शिक्षा असेल ती कळवावी. उत्तर आलं नाही. पण काका वाट बघत राहिले. दाराची घंटी वाजली की कॉलर सारखी करून दार उघडायला जायचे. दूधवाला असायचा, नाही तर इस्त्रीवाला.

आठ महिन्यांनी कंपनीने सगळे जुने मॉडेम बदलायला काढले. तोच तंत्रज्ञ आला. काका जय्यत तयार होते. त्यांनी जुना मॉडेम स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवला होता, वर पत्राची प्रत आणि पोस्टाची पावती.

“एक सांगायचं आहे,” ते सरळ उभं राहून म्हणाले. “मागचं सील मी उघडलं आहे. चिठ्ठी तिथेच आहे. आपण बघून घ्या आणि वर कळवा.”

त्या मुलाने फडकं काढलं आणि मॉडेम न बघता सॅकमध्ये टाकला. आत तसे आठ-दहा मॉडेम एकमेकांवर आपटत होते. त्यातल्या निम्म्यांची सीलं लोंबत होती.

“बघा की,” काका म्हणाले.

“अहो काका, ते सील आमी उगंच लावतो. कंपनीनं दिलीत म्हणून. कोण बघतंय तिकडं?”

काका हळूच खुर्चीत बसले. त्यांना इतकं म्हातारं झालेलं मी कधी बघितलं नव्हतं.

“कोणी बघत नाही?” त्यांनी विचारलं.

“कोन नाय.”

“सहा आठवडे,” काका माझ्याकडे बघून म्हणाले. “सहा आठवडे मी तिला तशीच ठेवली. त्या कागदासाठी.”

याच कारणासाठी मी त्यांच्यावर चिडले होते, आणि आता कोणी त्यांना तसं म्हणालं असतं तर मी भांडले असते.

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. काकू एव्हाना थोडंथोडं बोलायच्या, पण आमच्या दोघांपुढेच, आणि तेही हळू. परक्या माणसासमोर त्यांनी झटक्यानंतर एकदाही तोंड उघडलं नव्हतं. आतून आधी पलंग करकरला. मग आवाज आला, जड, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखा, पण हॉलपर्यंत पोचेल एवढा मोठा.

“मी... बघित...लं.”

तंत्रज्ञ वायर गुंडाळता गुंडाळता थांबला. काका उठले. त्यांनी कॉलर सारखी केली, आत गेले, आणि दार लावून घेतलं.

मी दाराबाहेरच्या स्टुलावर जाऊन बसले. दाराकडे पाठ करून.